पैसे मोजून अफवा : हॉकी ट्रेड अलर्टच्या ॲपचं सबस्क्रिप्शन घ्यावं का?

पाचपैकी दोन स्टार. ते दोन्ही ॲपमधल्या एकाच स्क्रीनसाठी आहेत, त्याबद्दल खाली सांगते. ज्या 'खास ट्रेड अलर्ट'साठी (ट्रेड म्हणजे टीमनी आपसात केलेली खेळाडूंची अदलाबदल) ही मंडळी महिन्याला दहा-अकरा कॅनेडियन डॉलर घेतात, त्याला माझ्याकडून शून्य.

ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अशी बरीच ॲप निघाली आहेत, रंग वेगळे, धंदा तोच. उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये तुम्ही एडमंटनचे चाहते असा, मॉन्ट्रियलचे असा किंवा आमच्यासारखे टोरोंटो मेपल लीफ्सचे, यातलं एखादं कधी ना कधी तुमच्या फोनवर जाहिरात बनून येणारच. तेव्हा कार्ड नंबर टाकायच्या आधी हे वाचा.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे मी कुठे बसून बोलतेय ते कळेल. मी मिसिसागात राहते आणि पिअर्सन विमानतळाजवळच्या एका कस्टम्स ब्रोकरकडे काम करते. दिवसभर इनव्हॉइस, टॅरिफ कोड आणि परवाने तपासायचे, एक कागद कमी असला तर माल अडवायचा. हॉकी मला लग्नात मिळाली. सासरे, म्हणजे आमचे बाबा, १९७४ साली टोरोंटोत आले. लीफ्सनी शेवटचा स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला १९६७ साली. म्हणजे बाबांचा कप सात वर्षांनी हुकला, आणि त्यांच्या मते पुढचा येतोच आहे. दर वर्षी.

ॲप घेतलं ते बाबांमुळेच. २४ जानेवारी २०२५ ला मिक्को रांटानेन कोलोराडोहून कॅरोलायनाला गेला. रांटानेन म्हणजे काही चौथ्या लाइनवरचा दुय्यम खेळाडू नव्हे. त्याच्या बदल्यात मार्टिन नेचस आणि जॅक ड्रुरी कोलोराडोला गेले, शिकागोचा टेलर हॉल कॅरोलायनाला आला, आणि शिकागोने मध्ये पडून रांटानेनच्या पगाराचा अर्धा बोजा स्वतःच्या डोक्यावर घेतला. एवढं मोठं तीन टीमचं प्रकरण, आणि बाबांना ते दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याकडून कळलं. शेजारी ओटावाचा फॅन. हा अपमान बाबांना सहन होण्यासारखा नव्हता. "अगं, तुझ्या त्या फोनवर आधी कळायची काही सोय नसते का?" ते म्हणाले. सोय असते, पैसे पडतात. म्हटलं, पडू देत.

आता ॲप कसं चालतं ते. तुम्ही तुमची टीम निवडायची. मग दिवसभर टिंगटिंग अलर्ट येतात, 'लीफ्स अमक्या सेंटरच्या शोधात', 'तमक्या डिफेन्समनसाठी बोलणी वेगात' (सेंटर म्हणजे मधला आक्रमक खेळाडू, डिफेन्समन म्हणजे बचावपटू). प्रत्येक अलर्टपुढे एक टक्केवारी, ट्रेड होण्याची शक्यता. ४१ टक्के, ६८ टक्के, एकदा तर ८३ टक्के. हे आकडे येतात कुठून? मदतीच्या पानावर 'अनेक सूत्रं आणि आमचं स्वतःचं गणित' एवढंच लिहिलंय. माझा पेशाच बेरजा जुळवण्याचा, त्यामुळे एका संध्याकाळी गंमत म्हणून एकाच खेळाडूच्या वेगवेगळ्या टीमकडे जाण्याच्या शक्यता मी मिळवून पाहिल्या. शंभराच्या पुढे गेल्या. तो सध्याच्या टीममध्येच राहील याची शक्यता तर अजून धरलीच नव्हती. मी त्यांना लिहिलं, तर आभाराचं छापील उत्तर आलं आणि दुसऱ्या दिवशी त्या खेळाडूची टक्केवारी आणखी वाढली.

दुसरी गोष्ट जास्त खटकली. जुने अलर्ट ॲपमध्ये शोधता येत नाहीत. आठवड्याभरापूर्वीचं काही पाहायला गेलात की यादी संपते. ज्याला आपल्या बातमीची खात्री असते तो जुनी बातमी मिरवतो. हे लोक ती पुसतात, कारण कोणी हिशेब मांडलाच तर दुकान बंद करावं लागेल. मी स्क्रीनशॉट काढून ठेवायला लागले. ऑफिसची सवय.

मार्नरकडे वळते, कारण त्या मोसमात लीफ्सबद्दलच्या अलर्टमध्ये जिकडेतिकडे मिच मार्नरच होता. मार्कममध्ये जन्मलेला, २०१५ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) लीफ्सनी चौथ्या क्रमांकावर घेतलेला, २०१९ मध्ये सहा वर्षांचा करार केलेला. वर्षाला १ कोटी ९ लाख ३ हजार अमेरिकन डॉलर. करार संपणार होता २०२५ च्या उन्हाळ्यात. त्या मोसमात गड्याने १०२ पॉइंट (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) केले, त्यामुळे पुढचा करार केवढ्याचा होणार यावर अख्खं टोरोंटो बोलत होतं. ॲपने फेब्रुवारीत त्याला कुठे कुठे पाठवलं विचारू नका. एका आठवड्यात तीन टीम, प्रत्येक ठिकाणी पन्नास टक्क्यांच्या वर.

आणि आता तो कागद, जो ॲपने एकदाही दाखवला नाही. मार्नरच्या करारात पूर्ण नो-मूव्हमेंट क्लॉज होता. म्हणजे त्याच्या होकाराशिवाय त्याला कुठेही ट्रेड करता येत नव्हतं, वेव्हर्सवर (म्हणजे हव्या त्या टीमने उचलावा असा) टाकता येत नव्हतं की मायनर लीगमध्ये धाडता येत नव्हतं. मॅनेजरच्या मनात काय आहे याला अर्थच उरत नाही, जोवर खेळाडू हो म्हणत नाही. हा क्लॉज गुप्त नसतो. पकपीडियासारख्या साइटवर खेळाडूच्या नावाखाली ठळक दिसतो, फुकटात. त्या वेळी लीफ्सच्या महागड्या खेळाडूंपैकी मार्नर, जॉन टवारेस आणि मॉर्गन रायली या सगळ्यांकडे तो होता. म्हणजे ॲपच्या निम्म्या अलर्टपुढे प्रामाणिक माणसाने एकच ओळ लिहायला हवी होती : 'खेळाडूने होकार दिला तर.' ती लिहिली की टक्केवारीची हवाच निघून जाते, म्हणून लिहीत नाहीत.

खरोखर काय घडलं पाहा. ट्रेड डेडलाइनच्या, म्हणजे मोसमात ट्रेड करायच्या शेवटच्या मुदतीच्या, सुमारास लीफ्सनी मार्नरला विचारलं की कॅरोलायनाला जाशील का, बदल्यात रांटानेन येईल. तो नाही म्हणाला. विषय संपला. ही बातमी बाहेर आली ती नावानिशी लिहिणाऱ्या पत्रकारांकडून, ज्यांना उद्या पुन्हा त्याच मॅनेजरच्या आणि त्याच एजंटच्या तोंडासमोर उभं राहायचं असतं. आमच्या ॲपवर ती आली तासाभराने, 'आमच्या सूत्रांनुसार' असं बिरुद लावून.

७ मार्च २०२५, शुक्रवार, दुपारी तीनची डेडलाइन. माझ्या मते अशा सेवेची परीक्षा याच दिवशी होते. मी रजा काढली नव्हती, पण दुपारच्या डब्याच्या वेळी फोन समोर उभा करून ठेवला होता. घरी बाबांनी टीएसएन हे क्रीडा चॅनेल लावलेलं. त्या दिवशी रांटानेन पुन्हा उडाला, कॅरोलायनाहून डॅलसला, लोगन स्टँकोव्हन आणि ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या दोन पिक्ससह (निवडीच्या हक्कांसह) भरभक्कम मोबदल्यात, आणि तिथे आठ वर्षांचा, वर्षाला १ कोटी २० लाख डॉलरचा करार करूनच उतरला. सहा-सात आठवड्यांत तिसरी जर्सी. लीफ्सनी फिलाडेल्फियाकडून स्कॉट लॉटन घेतला आणि बॉस्टनकडून ब्रँडन कार्लो. आणि दिवस संपता संपता ब्रॅड मार्शँड, बॉस्टनचा कर्णधार, ज्याने वर्षानुवर्षं लीफ्सना रडवलं, तो फ्लोरिडाला गेला. बाबा पाच मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आता हा आपल्याला तिकडूनही त्रास देणार." मे महिन्यात फ्लोरिडाने लीफ्सना सातव्या सामन्यात आमच्याच घरी ६-१ ने हरवलं आणि पुढे कपही जिंकला. बाबांच्या अलर्टला मी पाच स्टार दिले असते, आणि ते महिन्याचे पैसेही घेत नाहीत.

ॲपचं काय? त्या दिवशी माझ्या फोनवर अलर्टचा नुसता पाऊस. लॉटनचं नाव होतं, हे मान्य करते. पण त्याच्या जोडीला निदान डझनभर दुसऱ्या सेंटरची नावंही होती. सगळ्या दिशांना दगड मारले की एखादा आंबा पडणारच. मार्शँडचा अलर्ट बातमी टीव्हीवर आल्यावर आला. कार्लोबद्दल मात्र एक ढोबळ चूक केली. त्याचा पूर्ण पगार, ४१ लाख डॉलर, लीफ्सच्या कॅपवर, म्हणजे एकूण पगाराच्या मर्यादेत, धरून त्यांनी 'लीफ्सना अजून एकाला काढावं लागणार' असा पुढचा अलर्टही रचला. बॉस्टनने त्या पगारातले १५ टक्के स्वतःकडे ठेवले होते. फिलाडेल्फियाने तर लॉटनचा अर्धा पगार ठेवला. ट्रेडच्या अधिकृत घोषणेतच लिहिलेलं वाचायचं नाही आणि त्यावर पुढची अफवा उभी करायची, म्हणजे कमाल आहे.

हा पगार ठेवण्याचा प्रकार नव्याने हॉकी बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय एकही अफवा तोलता येत नाही. लीगमध्ये प्रत्येक टीमच्या एकूण पगारावर वरची मर्यादा असते. २०२४-२५ मध्ये ती ८ कोटी ८० लाख डॉलर होती, २०२५-२६ मध्ये ९ कोटी ५५ लाख. जुनी टीम जाणाऱ्या खेळाडूच्या पगाराचा जास्तीत जास्त अर्धा भाग आपल्या कॅपवर ठेवू शकते, आणि असे करार एका वेळी एका टीमकडे तीनच असू शकतात. त्यामुळे 'अमुक टीम तमुक स्टारला घेणार' असं कोणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न, जागा कुठून आणणार? दुसरा, अर्धा पगार कोण ठेवणार, त्याचे तीन झालेत का? या प्रश्नांना ज्या बातमीत उत्तर नाही, ती बातमी नसते. आणि २०२५-२६ पासून प्लेऑफमध्येही (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांतही) कॅप मोजला जातो. आधी जखमी खेळाडूला दीर्घ रजेवर टाकून कॅपच्या वर जायचं आणि प्लेऑफला तो बरोबर बरा होऊन यायचा, ही वाट आता अरुंद झाली. आमच्या ॲपने ऑक्टोबरपर्यंत तरी या बदलाची दखल घेतलेली मला दिसली नाही.

कागद न वाचता घाई केली की काय होतं, याचं सगळ्यात मजेशीर उदाहरण मात्र खुद्द टीमचंच आहे. मार्च २०२२ च्या डेडलाइनला वेगासने एव्गेनी दादोनोव्हला ॲनाहाइमला ट्रेड केलं. जाहीर झालं, बातम्या आल्या. दादोनोव्हच्या करारात दहा टीमची यादी होती, जिथे त्याला पाठवता येत नाही, आणि ॲनाहाइम त्या यादीत. लीगने दोन दिवसांनी ट्रेड रद्द केला आणि दादोनोव्ह परत वेगासमध्ये, ज्या टीमने त्याला नुकताच नारळ दिला होता. ही गोष्ट मी ऑफिसात सांगते तेव्हा सगळे खूश होतात. आमच्याकडे असा कागद राहिला तर कंटेनर परत जातो, इथे माणूस परत आला. तर, पूर्ण झालेला ट्रेडसुद्धा जिथे फिरू शकतो तिथे ६८ टक्क्यांना काय धरून बसायचं?

अफवा खोट्याच असतात असं मी म्हणत नाही. बऱ्याचशा कोणीतरी काहीतरी हेतूने सोडलेल्या असतात, आणि हेतू ओळखणं हीच खरी मजा. एजंटला वाटतं आपल्या खेळाडूला बर्फावर जास्त वेळ मिळावा, तो 'खेळाडू नाराज' असं सोडतो. मॅनेजरला भाव वाढवायचा असतो, तो 'चार टीम मागे आहेत' असं पेरतो. करार संपत आलेल्या खेळाडूच्या बाबतीत तर दोन्ही बाजू पत्रकारांमार्फत एकमेकांशी बोलत असतात. आणि चौकशीचं म्हणाल तर लीगमधले सगळे मॅनेजर एकमेकांकडे सतत चौकशी करतात, ते त्यांचं कामच आहे. स्थळ विचारायला कोणी आलं म्हणजे हॉल बुक झाला असं होत नाही. ॲप मात्र प्रत्येक पोह्यांच्या कार्यक्रमाला पत्रिका छापतं.

चांगला वार्ताहर या सगळ्यांतून चाळून सांगतो. एलियट फ्रीडमन, पियेर लेब्रन, ख्रिस जॉनस्टन ही मंडळी बोलताना लक्ष देऊन ऐका. कुठलं त्यांना पक्कं माहीत आहे, कुठलं नुसतं कानावर आलंय आणि कुठला त्यांचा स्वतःचा तर्क आहे, हे ते वेगवेगळं ठेवतात. फ्रीडमन तर पॉडकास्टवर इतक्या आडवळणाने बोलतो की बाबा वैतागतात. मला ते आवडतं. माणूस अडखळतोय म्हणजे काहीतरी जपतोय. ॲप कधीच अडखळत नाही.

सगळ्यात मोठे ट्रेड बहुधा गुपचूपच होतात, हेही लक्षात ठेवा. रांटानेनचा पहिला तसाच झाला. २९ जून २०१६ ला एडमंटनने टेलर हॉलला न्यू जर्सीला पाठवलं आणि मॉन्ट्रियलने पी. के. सुबानच्या बदल्यात नॅशव्हिलचा शे वेबर घेतला, दोन्ही बातम्या अर्ध्या तासाच्या आत. आणि बाबांच्या पिढीचा तर ९ ऑगस्ट १९८८. वेन ग्रेट्झ्की एडमंटनहून लॉस एंजेलिसला. नुकताच कप जिंकलेल्या टीमचा, देशाचा लाडका खेळाडू, आणि त्याच्याबरोबर दीड कोटी डॉलरचा व्यवहार. संसदेत एका खासदाराने सरकारला हा ट्रेड थांबवायची मागणी केली होती. बाबा हे अजून परवा घडल्यासारखं सांगतात, लीफ्सचे असून.

आमच्या भागातल्या लोकांसाठी एक खास इशारा. ॲपच्या 'गणितात' ओंटारिओत जन्म हा फार मोठा मुद्दा दिसतो. खेळाडू टोरोंटोच्या तासाभराच्या अंतरात जन्मला की तो लीफ्सकडे येणारच. कधी कधी खरंही ठरतं, लॉटन ओकव्हिलचा आहे. टवारेस आमच्या मिसिसागाचा, आणि तो २०१८ मध्ये खरोखर घरी आला. २०२५ च्या उन्हाळ्यात ॲप त्याला बाहेर घालवत होतं, तर त्याने चार वर्षांचा नवा करार केला, वर्षाला ४३ लाख ८० हजारांचा, आधीच्या १ कोटी १० लाखांच्या निम्म्याहून कमी. इथेच राहायचं असेल तर माणूस असंही करतो, हे कुठल्या गणितात बसवणार? पण या जन्मगावाच्या खुळाचा कळस म्हणजे कॉनर मॅकडेविड. जन्म रिचमंड हिलचा, वाढला न्यूमार्केटमध्ये. मला आठवड्याआड अलर्ट, '२०२६ च्या उन्हाळ्यात टोरोंटो?' ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याने एडमंटनबरोबरच आणखी दोन वर्षांचा करार केला, वर्षाला १ कोटी २५ लाख, म्हणजे त्याला मिळू शकले असते त्यापेक्षा बरेच कमी. मला वाटलं आता तरी गप्प बसतील. त्याच संध्याकाळी अलर्ट : '२०२८ : टोरोंटोची तयारी सुरू?' आमच्या घरी त्या रात्री जेवणं उशिरा झाली, हसण्यामुळे.

उन्हाळ्यातला भाग पटकन सांगते, कारण तिथेही तेच. लीफ्सच्या मॅथ्यू नाईजचा करार संपत होता. तो रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट, म्हणजे दुसऱ्या टीमने ऑफर शीट (कराराचा प्रस्ताव) दिली आणि त्याने सही केली तर लीफ्सना सात दिवसांत तेवढेच पैसे द्यायचे किंवा मोबदल्यात ड्राफ्ट पिक्स घेऊन त्याला सोडायचं. ही धमकी पोकळ नव्हती; ऑगस्ट २०२४ मध्ये सेंट लुइसने एडमंटनचे फिलिप ब्रोबर्ग आणि डिलन हॉलोवे एकाच वेळी असेच उचलले होते. तेव्हा ऑफर शीटबद्दल बोलणं योग्यच. पण कोणत्या रकमेला किती पिक्स जातात, कोणत्या टीमकडे स्वतःचे पिक्स उरलेत, याचा तक्ता दिला असता तर मी म्हटलं असतं पैसे वसूल. तो नाही. नुसतं 'अमुक टीम तयारीत'. नाईजने जूनअखेर लीफ्सबरोबरच सहा वर्षांचा करार केला, वर्षाला ७७ लाख ५० हजार.

आणि मार्नर १ जुलैच्या तोंडावर गेला. वेगासला. लीफ्सनी आधी त्याच्याशी आठ वर्षांचा करार केला, वर्षाला १ कोटी २० लाखांचा, आणि मग त्याला ट्रेड करून निकोला रुआ घेतला. असं का, तर तेव्हा स्वतःच्या टीमला आठ वर्षांचा करार देता यायचा, नव्या टीमला सातचाच. लीगच्या नव्या कामगार करारात सप्टेंबर २०२६ पासून ही वर्षं सात आणि सहा. त्यात नेवाडात राज्याचा आयकर नाही, आणि ओंटारिओत मोठ्या पगाराच्या वरच्या टप्प्यातल्या दर डॉलरमधला निम्म्याहून जास्त भाग करात जातो. कंपनीच्या हिशेबवाल्यालाही सुचेल असं हे सरळ प्रकरण. वेगासचं नाव खूप दिवस हवेत होतं, पण 'आधी करार, मग ट्रेड' हा मार्ग ॲपने कधी समजावलाच नाही. समजावायला नियम माहीत असावा लागतो.

आता त्या दोन स्टारबद्दल. ॲपमध्ये एक रोस्टर बोर्ड आहे. लीफ्सच्या चारही लाइन्स, डिफेन्सच्या जोड्या, गोलकीपर, प्रत्येकाचा कॅप हिट (कॅपमध्ये मोजला जाणारा वार्षिक पगार) आणि करार कधी संपतो ते. खेळाडू बोटाने उचलून दुसऱ्या टीमला द्यायचा, तिकडचा घ्यायचा, पगार किती टक्के ठेवायचा ते सरकपट्टीवर ठरवायचं, आणि वरचा आकडा लगेच हिरवा किंवा लाल होतो. हे ज्याने केलं त्याला माझा मनापासून सलाम. कॅप म्हणजे काय हे माझ्या बारा वर्षांच्या मुलाला मी दोन वर्षं सांगत होते, त्याला बोर्डावर एका दुपारी कळलं. ऑस्टन मॅथ्यूज १ कोटी ३२ लाख ५० हजार, विल्यम नायलँडर १ कोटी १५ लाख, रायली ७५ लाख, हे एकाखाली एक पाहिलं की लीफ्सच्या मॅनेजरच्या जागी बसल्यावर घाम का फुटत असेल ते समजतं. फक्त एक खोट आहे. नो-मूव्हमेंट क्लॉज असलेला खेळाडूही बोर्ड बिनतक्रार उचलू देतो. तिथे एक कुलूप दाखवलं असतं तर मी तिसरा स्टार दिला असता.

असा तपशील पूर्वी कॅपफ्रेंडली नावाच्या साइटवर फुकट मिळायचा. २०२४ मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्सनी ती साइटच विकत घेतली आणि त्या जुलैत लोकांसाठी बंद झाली. व्यावसायिक टीमला जी वही इतकी मोलाची वाटली की दुकानासकट उचलावी, ती आपण चाहते रोज फुकट चाळत होतो. आता पकपीडियावर काम भागतं. खेळाडूचं पान उघडा, क्लॉज बघा, वर्षं बघा, टीमच्या पानावर उरलेली जागा आणि ठेवलेले पगार बघा. एखाद्या अलर्टचा निकाल मिनिटभरात लागतो.

सबस्क्रिप्शन बंद करणं हा वेगळा खेळ. घेताना एक बटण, सोडताना चार पानं, आणि प्रत्येक पानावर एक नवी अफवा दाखवून विचारतात, 'हे चुकवणार?' शेवटच्या पानावर मॅथ्यूजचं नाव होतं. मी बंद करा दाबलं, पुढच्या महिन्याचे पैसे तरीही कापले गेले, ईमेल केल्यावर परत आले. परत दिले, तेवढं श्रेय देते. बंद करायचंच असेल तर महिना संपायच्या दोन-तीन दिवस आधी करा आणि पुष्टीचा ईमेल जपून ठेवा.

कोणाला घ्यावंसं वाटेल? फँटसी लीग खेळणाऱ्यांनाही मी नको म्हणेन, कारण तिथे जखमी कोण आणि आज गोलमध्ये कोण हे महत्त्वाचं, आणि ते टीमच सांगते. ज्यांना डेडलाइनच्या दिवशी नुसती धमाल हवी आहे त्यांनी टीएसएन किंवा स्पोर्ट्सनेट लावावं, सकाळपासून टेबलाभोवती बसलेली माणसं दोन ट्रेडच्या मधला वेळ कसा ढकलतात हा स्वतंत्र करमणुकीचा विषय आहे. मात्र त्या दिवशी सोशल मीडियावर प्रसिद्ध वार्ताहरांच्या नावात एखादं अक्षर बदलून काढलेल्या खोट्या खात्यांपासून सांभाळा. आमच्या ॲपनेच अशा एका खात्याची थाप दोनदा अलर्ट म्हणून पाठवली होती, स्क्रीनशॉट माझ्याकडे आहेत.

शेवटी एक उपयोगाची माहिती : रोस्टर बोर्ड फुकटच्या अकाउंटवरही चालतो, फक्त दिवसाला तीनच ट्रेड करता येतात. बाबांना तेवढे नाश्त्यापर्यंतही पुरत नाहीत. त्यांनी सासूबाईंच्या ईमेलवर दुसरं अकाउंट काढलंय.